चोरीला गेलेला वारा

१

वारा चोरीला गेला होता, आणि आमच्या वेधशाळेत कोणाला त्याचा पत्ताच नव्हता.

भिंतीवरच्या फलकावर तांबडे आकडे दिमाखात सांगत होते: अडतीस. ताशी अडतीस किलोमीटर. म्हणजे टोपी सांभाळा, वाळत घातलेले कपडे आत घ्या, बाकी घाबरण्यासारखं काही नाही. आणि इकडे माझ्या टेबलाशेजारची खिडकी दातओठ खाल्ल्यासारखी करकरत होती. कुंपणाजवळची झाडं एका अंगाला वाकली होती ती वाकलेलीच. अडतीसच्या वाऱ्यात झाडं डुलतात, परत सरळ होतात. ही सरळ व्हायला तयारच नव्हती.

मी तसं बोलून दाखवलं. साहेब, म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, फोन कानाशी धरूनच हसले.

"झाडांना विचारून बुलेटिन काढायचं असेल तर एवढी यंत्रं कशाला घेतली आपण?"

 बाळंतपणाची रजा संपवून आल्यापासून मला जिथे तिथे धोका दिसतो असं ऑफिसात बोललं जातं, आणि ते काही खोटं नाही. पाण्याची बादली, टेबलाचा कोपरा, उघडा जिना. माझी नजर आधी तिथे जाते. पण आज गप्प बसून चालणार नव्हतं. त्या आकड्यावर खाडीवरचा पूल चालू होता.

आमचा आकडा तारेतून थेट पुलाच्या चौकीत दिसतो. साठ झाले की चौकीदार आडकाठी टाकतो आणि वाहतूक बंद. साठ व्हायच्या आत त्याने नुसत्या अंदाजाने पूल बंद केला तर लोक त्याला फाडून खातात, म्हणून तो आकड्यापलीकडे काही बघतच नाही. पुलाच्या या बाजूला उंचावर आमची वेधशाळा आणि माझं घर. त्या बाजूला समुद्राला लागून वाळूची सखल पट्टी, आणि तिथे सासूबाईंचं घर. नवरा कामासाठी दूरदेशी, त्यामुळे दिवसभर आमची दीड वर्षांची लेक तिच्या आजीकडे असते. एवढीशी आहे, पण तिचा आवाज असा की तिच्या बापाने तिचं नाव भोंगा ठेवलंय.

समुद्रात चक्रीवादळ होतं आणि संध्याकाळनंतर ते किनाऱ्याला लागणार होतं. सासूबाई भोंग्याला घेऊन बसने पूल ओलांडून माझ्याकडे येणार होत्या.

मी पुन्हा फलकाकडे बघितलं. अडतीस. छत्तीस. एकोणचाळीस. आणि मग, खिडकी अजून जोरात करकरत असताना, आकडा धाडकन अकरावर आला.

२

खोलीत आम्ही चौघं होतो. साहेब. रडारचा इंजिनिअर, ज्याला सगळे तोंडावर फ्यूज म्हणतात, कारण तो कधी उडेल सांगता येत नाही. मी. आणि ताई. ताई आमच्यातल्या सर्वांत जुन्या. वादळाचा मार्ग काढायचं काम त्यांचं. सकाळपासून त्या नकाशासमोर बसल्या होत्या. वादळात शिरणारं विमान वादळाच्या मधोमध असलेल्या शांत डोळ्यातून दोनदा जाऊन आलं होतं. ते पॅराशूट बांधलेल्या यंत्रनळ्या खाली सोडायचं, आणि पाण्यात पडेपर्यंत त्या नळ्या हवेचा दाब आणि वारा कळवत राहायच्या. ते सगळं ताईंच्या पडद्यावर उतरत होतं.

"अकरा?" फ्यूज ओरडला. "अकरा कसे? यंत्र बिघडलं की काय?"

साहेबांनी फोन खाली घेतला. आम्ही तिघेही फलकाकडे बघत राहिलो. ताईंनी मात्र मान वर केली नाही.

मी खिडकीशी गेले. खाली हिरवळीवर जाळीच्या कुंपणात आमची जमिनीलगतची यंत्रं आहेत: पर्जन्यमापक, बाष्पीभवनाचं मोठं पात्र, आणि पात्राशेजारी कमरेएवढ्या खांबावर छोट्या वाट्यांचं वारामापक. शेतीच्या बुलेटिनसाठी लागतं तेवढंच ते. खरा वारा मोजणाऱ्या वाट्या गच्चीवरच्या उंच मनोऱ्यावर असतात, आणि फलकावर, पुलावर, सगळीकडे आकडा जातो तो त्यांचा.

कुंपणात आमचा निरीक्षक वाकून पर्जन्यमापकातलं पाणी मोजत होता. हा माणूस म्हणजे दोन दारांचं कपाट. दारात उभा राहिला की खोलीत अंधार होतो. म्हणून त्याचं नावच कपाट पडलंय. रेनकोटचे पंख फुगवून तो त्या छोट्या वाट्यांच्या आड, वाऱ्याकडे पाठ करून उभा होता.

त्याने पाणी ओतून टाकलं, झाकण बसवलं आणि दरवाजाकडे निघाला.

माझ्यामागे फ्यूज म्हणाला, "आला बघा परत. सदतीस."

 मी जिना उतरून बाहेर पळाले. वाऱ्याने मला जवळजवळ कुंपणावर नेऊन आपटलं. मी त्या छोट्या वाट्या एका हाताने घट्ट धरल्या आणि दुसऱ्या हाताने फ्यूजला फोन लावला.

"आता किती?"

"शून्य," तो म्हणाला. मग अगदी बारीक आवाजात, "तुम्ही काय धरलंय हातात?"

मी मान वर केली. मनोऱ्यावरच्या वाट्या इतक्या जोरात फिरत होत्या की वाट्या दिसतच नव्हत्या, नुसतं करडं वर्तुळ दिसत होतं.

३

वायरींची पेटी जिन्याखाली आहे. तिला कुलूप नाही, कधी लागलंच नाही. फ्यूजने झाकण उघडलं आणि एक शिवी गिळली.

"वरच्या वाट्यांचा प्लग खाली, खालच्याचा वर. रंगाने लिहिलंय हो एवढं ढळढळीत! आपोआप होत नसतं हे. कोणीतरी काढून लावलंय."

"आधी नीट करा."

त्याने प्लग बदलले. मी दोन दोन पायऱ्या चढत वर आले तेव्हा फलकावर बहात्तर होते.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पुलाच्या चौकीचा फोन लावून माझ्याच हातात दिला.

"आडकाठी टाकतोय, टाकतोय," चौकीदार ओरडून बोलत होता. त्याच्या मागे वाऱ्याचा असा आवाज की त्याचे शब्द अर्धेच पोचत होते. "एकदम बहात्तर कसे झाले हो? मघापासून म्हणतोय मी, चौकी हलतेय माझी, आणि आकडा बघतो तर अडतीस!"

"पिवळी बस. वाळूच्या पट्टीवरून येणारी. कुठे आहे?"

"बस?" तो कोणाला तरी विचारायला गेला. त्या मधल्या वेळात मी काय काय कबूल केलं देवाला ते सांगत नाही. "पलीकडच्या चढावर आहे. रांगेत तिसरी. मागे घेतो आता."

मी खुर्चीत बसले. 

"आणि ऐका," तो म्हणाला, "एक रिकामा टेम्पो मधोमध आडवा झालाय कठड्याला. ड्रायव्हर रांगत रांगत आला बाहेर. हातपाय धड आहेत. पण बस असती तर..."

मी फोन ठेवला. बसची उंची, तिच्या सपाट बाजू, उघड्या पाण्यावरून येणारा झोत, यातलं काहीही मला डोळ्यांसमोर आणायचं नव्हतं आणि सगळं येत होतं.

"सुटलो," साहेब म्हणाले. मग त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. "पण सुटलो कुठे? हे आपल्यातल्याच कोणीतरी केलंय."

४

सकाळपासून फाटक बंद होतं. आत आम्ही पाचच जण.

"मला पोलीस नकोत आत्ता," साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले. "रात्री वादळ किनाऱ्याला लागणार. आपण जे आकडे देऊ त्यावर लोक घरं सोडणार. ज्याने एक आकडा फिरवला त्याने दुसरा फिरवला नसेल कशावरून? कोणाच्या कामावर विश्वास ठेवायचा हे मला तासाभरात कळलं पाहिजे. तुम्ही शोधून काढलंत, तुम्हीच पुढचं बघा."

मला त्यांच्याहून जास्त घाई होती. भोंगा आता पलीकडेच अडकला होता, आणि पलीकडे काय होणार यावर सकाळपासून खोलीत भांडण चालू होतं. ताईंचं म्हणणं, वादळ वळेल आणि समुद्राचं पाणी वाळूच्या पट्टीवर चढेल. साहेबांचं म्हणणं, वळणार नाही, पाणी लांब ओसाड किनाऱ्यावर जाईल. विमानाच्या पुढच्या फेरीनंतर बघू. बुलेटिनमध्ये साहेबांचं म्हणणं गेलं होतं.

मी आधी वाऱ्याचा आलेख काढला. प्लग बदलला त्या क्षणी आकडा एकदम पडायला हवा होता, मग कोणाला दिसलं कसं नाही? आलेखात उत्तर होतं. वादळाभोवती पावसाचे पट्टे गोगलगायीच्या शंखासारखे गुंडाळलेले असतात. पट्टा डोक्यावरून जातो तेव्हा वारा खवळतो, दोन पट्ट्यांच्या मध्ये जरा दम खातो. दुपारी एक पट्टा गेला, वारा पडला, आणि पडला तो पडलाच. पुढचा पट्टा आला तरी आकडा वर चढला नाही. चोराने बरोबर ती शांत फट निवडली होती.

म्हणजे ती फट कधी येणार हे रडार बघून ज्याला आधी कळलं तोच हा माणूस.

फ्यूजला विचारलं तर तो उडालाच. "मी? मी केलं असतं तर तुम्हाला जन्मात सापडलं नसतं! प्लग काय बदलतात? हे कोणीतरी घाईत, अडाण्यासारखं केलंय."

"दुपारचा पट्टा कधी सरकणार हे माहीत होतं तुम्हाला?"

"मला काय माहीत? मशीन फिरतंय का, तापतंय का, एवढं मी बघतो. त्या चित्रातल्या लाल-पिवळ्याचं काय करायचं ते तुम्ही विद्वान बघा."

"पलीकडे तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही. सासुरवाडी होती, तेही भांडून इकडे आले राहायला. माझ्याकडेच!" एवढं बोलून तो एकदम हसला. मलाही हसू आलं.

कपाटाने तर हात जोडले. "मॅडम, वायर बघितली की मला घाम फुटतो. घरात बल्बसुद्धा बायको बदलते. पलीकडे माझं कोणी नाही. आणि मी असतो तर पाणी मोजायला तिथेच जाऊन उभा राहिलो असतो का, आपलीच चोरी पकडून द्यायला?"

ते खरंच होतं. त्याच्या पाठीनेच तर चोरी पकडली होती.

उरलेल्यांपैकी पट्टे वाचता येणारे तिघे: साहेब, ताई आणि मी.

५

साहेबांना प्रश्न विचारायचा म्हणजे अवघडच. पण त्यांनी स्वतःच विषय काढला.

"माझी बायको पलीकडे आहे, माहेरी. पण तिचं माहेर टेकडावर आहे, तिथे पाणी पोचत नाही. मी तिला सकाळीच सांगितलं, हलू नकोस. गाडी का पाठवत नाही म्हणून चार वेळा फोन आलाय. फ्यूजला विचारा, स्पीकर चालू होता, सगळ्यांनी ऐकलंय बोलणं." ते ओशाळून हसले. "पूल चालू ठेवून तिला आणायची घाई मला असती, तर एवढं ऐकून घेतलं असतं का?"

नसतं घेतलं. मी मान हलवली.

"आता तुमचं सांगा," ते म्हणाले. "तुमचं पलीकडे कोणी नाही. तुमच्या सासूबाई सकाळच्या बसने निघाल्या, तुम्हीच सांगितलंत मला."

 मी तसं सांगितलं होतं, आणि तेव्हा तसंच ठरलं होतं.

"सकाळच्या नाही," मी म्हणाले. "लेकीला ताप होता, तिने सगळं ओकलं. म्हणून त्या थांबल्या. दुपारच्या पिवळ्या बसमध्ये आहेत त्या. दोघी."

 साहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे आज दुपारी पूल चालू राहावा असं ज्याला सर्वांत जास्त वाटत होतं, ते माणूस तुम्ही."

"हो."

"तुम्हाला पट्टे वाचता येतात."

"हो."

"तुम्ही केलंत?"

"मी केलं असतं तर अडतीस खोटे आहेत म्हणून मीच बोंब मारली असती का? बस अजून पलीकडे असताना? आणि त्या वाऱ्यात मी माझं पोर पुलावर चढू दिलं असतं?"

त्यांनी डोळे मिटले. "नाही. आई ते करणार नाही." मग ते पुढे झुकले. "पण दुसऱ्या कोणाचं कोणीच येत नव्हतं पुलावरून, ताईंचंही नाही. म्हणजे जे केलं ते त्याच बससाठी. तुमच्या मुलीसाठी. ती त्या बसमध्ये आहे हे आणखी कोणाला माहीत होतं?"

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी चहाच्या खोलीत होते. फोन ठेवून मला रडू फुटलं होतं, आणि तिथे एकच व्यक्ती होती. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

मला उत्तर माहीत होतं. मी उठले.

६

ताई नकाशासमोरच होत्या. मी शेजारची खुर्ची ओढली.

"आकडा अकरावर आला तेव्हा सगळ्यांनी वर बघितलं," मी म्हणाले. "तुम्ही नाही बघितलं."

"कपाट पाणी मोजायला गेलाय हे मला खिडकीतून दिसत होतं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग कळलं, संपलं आता. तू बघितल्याशिवाय राहायची नाहीस. तुझी नजर मला माहीत आहे."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं.  "ताई, ती बस पुलावर चढली असती."

"चढून उतरलीही असती, असं मला वाटलं. पुढचा पट्टा मी मोजला होता. बस पार झाल्यावर तो येईल असा हिशेब केला. बस आली की प्लग परत होते तसे लावणार होते." त्यांनी दोन्ही तळहातांनी चेहरा चोळला. "पट्टा लवकर आला. मी जाऊन प्लग बदलायला उठले, तर फ्यूज जिन्यातच बसलेला, बायकोशी फोनवर भांडत. मी परत येऊन बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. तो टेम्पो माझ्यामुळे आडवा झाला."



"पण का? माझ्या मुलीला एक रात्र तिकडे काढावी लागली असती, एवढंच ना?"

"एवढंच?" त्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. "अगं, तुझ्या सासूबाईंचं घर कुठे आहे ते मला माहीत नाही का? ती पट्टी रात्री पाण्याखाली जाणार आहे. साहेबांना सांगून सांगून घसा बसला माझा. लिहूच देत नाहीत. मग म्हटलं, सगळ्यांना नाही तर नाही, निदान एक बस तरी या बाजूला येऊ दे."

मी नकाशाकडे बघितलं. वादळाच्या मार्गाची त्यांची रेघ किनाऱ्यापाशी वळलेली होती. त्या रेघेवर त्यांनी सकाळी काम केलं होतं, दुपारी केलं होतं, आणि चोरी करून परत आल्यावरही केलं होतं.

आणि मला कळलं की मी चुकीच्या गोष्टीची भीती बाळगत होते: पुलाची. भ्यायला हवं होतं ते पाण्याला.

७

साहेब ऐकून घेत होते तोवर ठीक होतं. मग ते उसळले.

"ताईंना मी आत्ताच्या आत्ता कामावरून बाजूला करतो. आणि त्यांचा मार्गाचा अंदाज केराच्या टोपलीत. ज्या बाईने वारा फिरवला तिच्या शब्दावर मी हजारो माणसं घराबाहेर काढू?"

"बाजूला करा," मी म्हणाले. "तो तुमचा अधिकार. पण टोपलीत टाकू नका. साहेब, नीट बघा ना. पाणी पट्टीवर येईल असं त्यांना मनापासून वाटत नसतं, तर मूल आजीच्या घरात झोपलं असतं आणि त्या निवांत चहा पीत बसल्या असत्या. त्यांनी नोकरी घालवली ती त्या अंदाजापायी. वारा त्यांनी जगाला खोटा सांगितला, पण हा अंदाज त्या स्वतः खरा मानून चालल्या."

"खरा मानला म्हणून खरा होतो?"

"नाही. म्हणून मी पुन्हा काढते. विमानाच्या नळ्यांचे आकडे थेट विमानाकडून मागवते, त्यांच्या पडद्यावरचे नाही. सकाळी आकाशात सोडलेल्या फुग्याने वरच्या हवेचा वारा दिलाय, तोही. फ्यूज शेजारी बसेल. एक आकडा जरी जुळला नाही तरी सांगेन."

फ्यूज बसला. मी मोजत होते आणि तो विमानाचे आकडे वाचत होता, आणि मध्येच म्हणत होता, "हे काय म्हणजे? हे वाईट की चांगलं?" विमानाच्या तिसऱ्या फेरीत डोळ्यातला दाब आणखी घसरला होता. वरच्या थरातला जो वारा वादळाला ढकलत नेत होता, त्याने दिशा बदलायला सुरुवात केली होती. माझी रेघ ताईंच्या रेघेच्या बाजूने गेली. तंतोतंत नाही, जराशी अलीकडून. पण पट्टीवरूनच.

साहेबांनी दोन्ही रेघा बघितल्या.  मग त्यांनी जुनं बुलेटिन खोडलं आणि स्वतःच्या हाताने नवीन लिहिलं: वाळूची पट्टी ताबडतोब रिकामी करा, टेकडावरच्या इस्पितळात आणि शाळेत जा. खाली सही केली. हात जराही हलला नाही त्यांचा. तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

मी सासूबाईंना फोन लावला. लाईन लागेना. पुन्हा लावला. पाचव्यांदा की सहाव्यांदा लागली.

"अगं, बस मागे नेली," त्या वैतागून म्हणाल्या. "आता मी आपली घरी चाललेय हिला घेऊन. वारा तर असा सुटलाय की पदर डोक्यावर राहत नाही."

"आई, घरी नाही जायचं. टेकडावर, इस्पितळात. आत्ता. वरच्या मजल्यावर."

"आणि माझं घर? दारं खिडक्या नुसत्या ओढून घेतल्यात मी."

"आई!"

त्या थांबल्या. माझ्या आवाजात त्यांनी काय ऐकलं कोणास ठाऊक. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते.

"बरं," त्या म्हणाल्या. "जाते. पण तू जेवलीस का?"

आणि फोन कट झाला. त्यानंतर सकाळपर्यंत एकाही फोनला रेंज आली नाही.

८

सकाळी वारा एखाद्या भांडून थकलेल्या माणसासारखा मधूनच हुंकारत होता. फलकावर एकोणीस. मी तीन वेळा खिडकीतून मनोऱ्याकडे बघून खात्री करून घेतली.

वाळूच्या पट्टीवर पाणी आलं होतं. घरांच्या खिडक्यांपर्यंत. सासूबाईंच्या घरात वाळू आणि एक अनोळखी होडी शिरली होती हे नंतर कळलं. माणूस एकही गेलं नव्हतं. सगळे टेकडावर होते, चिडलेले, भिजलेले, जागरणाने डोळे लाल झालेले, आणि जिवंत.

पूल उघडला तेव्हा मी चौकीपाशीच उभी होते. पिवळी बस आली. सासूबाई आधी पिशवी घेऊन उतरल्या, मग भोंग्याला घेऊन. ती त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तोंड उघडं, केसांना इस्पितळाच्या साबणाचा वास. मी तिला घेतलं आणि तिचं कपाळ, मान, पोट सगळं चाचपून बघितलं.

"बघून झालं असेल तर मला बसायला सांग कुठेतरी," सासूबाई म्हणाल्या. "रात्रभर बाकावर होते. शेजारची बाई असली घोरत होती, वादळ ऐकूच आलं नाही मला."

मी हसले. हसता हसता रडले. त्यांनी माझा खांदा पकडून मला गदागदा हलवलं, "पुरे, पुरे, लोक बघतायत," आणि स्वतःही डोळे पुसले.

तिथेच, बसथांब्याच्या कट्ट्यावर, ताई बसल्या होत्या. शेजारी त्यांची हातातली बॅग. रात्रीच त्यांनी साहेबांना सगळं लेखी दिलं होतं. माझं नाव त्यात कुठेही घेतलं नव्हतं. एक बस पलीकडे अडकू नये म्हणून केलं, एवढंच. साहेबांनी तो कागद वर पाठवला होता. टेम्पोवाल्याच्या खर्चाचंही ताईंनी स्वतःहून कबूल केलं होतं. आता त्या पहिल्या बसने घरी निघाल्या होत्या.

सासूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ताईंना ओळखलं, सरळ जाऊन शेजारी बसल्या आणि घोरणाऱ्या बाईची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. ताई ऐकत होत्या. नजर मात्र माझ्या खांद्यावर झोपलेल्या लेकीवर.

मीही बसले.

"रागावलीस?" ताई हळूच म्हणाल्या.

"हो."

"बरं."

"खूप."

"बरं म्हटलं ना."

"तुमची रेघ बरोबर होती," मी म्हणाले. "माझी जरा अलीकडून गेली. पाणी तुमच्या रेघेवर आलं."

त्यांनी मान हलवली. आनंद झाल्यासारखी नाही, कोणीतरी निरोप दिल्यावर हलवतात तशी.

"आता काय करणार?"

"झोपणार. मग चौकशीला बोलावतील तेव्हा जाईन."

"मला बोलावलं तर जे घडलं ते सगळं सांगेन मी. वाऱ्याचंही आणि पाण्याचंही."

"सांगच," त्या म्हणाल्या. "अर्धं सांगून काय होतं ते बघितलं ना आपण."

त्यांची बस आली. त्यांनी उठून हात पुढे केला, भोंग्याच्या पावलाला लावावा की नाही असा मध्येच अडलेला.  मी पुढेही झाले नाही, आणि मागेही सरले नाही. त्यांनी एका बोटाने तिच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढून दिला आणि बसमध्ये चढल्या.

"बॅग!" सासूबाई ओरडल्या. "अहो, बॅग राहिली तुमची!"

मी एका हाताने लेक आवळून धरली, दुसऱ्या हाताने बॅग उचलली आणि सुटत्या बसमागे पळाले.